पराक्रम नको, रतीब हवा

दर काही महिन्यांनी एक चित्रफीत मोबाइलवर फिरत येते. जिममध्ये कोणी तरुण वजन उचलता उचलता खाली बसतो, कोणी बॅडमिंटन खेळताना कोसळतो, आणि पुढचे चार दिवस नाशिकच्या गोल्फ क्लबच्या मैदानापासून सिडकोतल्या चहाच्या टपरीपर्यंत एकच वाद रंगतो. एक बाजू म्हणते, 'बघा, एवढी बॉडी कमावली, काय उपयोग झाला? आमचे आजोबा जन्मात जिमला गेले नाहीत, नव्वदी गाठली.' दुसऱ्या बाजूच्या मनगटावर बहुधा पावलं मोजणारं घड्याळ असतं. ती म्हणते, 'आळशी लोकांना निमित्तच हवं असतं.' माझ्या मते हा वाद दोन्हीकडून चुकीचा लढला जातो, कारण दोघांच्याही डोक्यात व्यायाम म्हणजे पराक्रम आहे. एकाला तो जीवघेणा वाटतो, दुसऱ्याला मिरवण्याजोगा. खरं तर व्यायाम दुधाच्या रतीबासारखा असायला हवा: रोज, थोडा, ठरल्या वेळी, आणि त्याची बातमी होऊ नये इतका साधा. तसा तो घेतला तर अंगात उमेद राहते, दुखणी लांबणीवर पडतात, आयुष्यही थोडं वाढतं. आणि तो तसा घेता येतो की नाही, हे एकट्याच्या जिद्दीवर जितकं अवलंबून आहे, तितकंच त्याच्या शहरावर आणि घरावर.

आधी घाबरणाऱ्यांची बाजू घेऊ, कारण ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, १८ ते ४५ वयाच्या वरवर धडधाकट माणसांच्या अचानक मृत्यूंचा अभ्यास केला. तो २०२३मध्ये प्रसिद्ध झाला. कोविडच्या लसीमुळे धोका वाढल्याचं त्यात दिसलं नाही. पण घरात आधी कोणी असं अचानक गेलेलं असणं, कोविडसाठी रुग्णालयात राहावं लागलेलं असणं, आदल्या ४८ तासांत बेसुमार दारू पिणं, यांच्याच यादीत आदल्या ४८ तासांतले अतिश्रमही होते. म्हणजे फिरणाऱ्या चित्रफिती अगदीच थापा नाहीत. जोराच्या श्रमाने हृदयावर ताण येतो आणि एखाद्या वेळी तो ताण जीव घेतो, हे मान्य करावंच लागतं. व्यायामाचे कट्टर प्रचारक इथे गप्प बसतात किंवा विषय बदलतात, आणि म्हणूनच त्यांच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही.

पण ताण कोणाचा जीव घेतो? अमेरिकेत हृदयविकाराच्या झटक्यातून वाचलेल्या बाराशेहून अधिक रुग्णांना, झटक्याच्या आधीच्या तासात ते काय करत होते हे विचारून एक अभ्यास झाला होता. १९९३मध्ये त्याचे निष्कर्ष आले. जे आठवड्यातून एकदाही धड व्यायाम करत नव्हते, त्यांच्या बाबतीत जोराच्या श्रमानंतरच्या तासात झटका येण्याची शक्यता एरवीच्या मानाने १०७ पट होती. आठवड्यातून पाच किंवा अधिक वेळा व्यायाम करणाऱ्यांत ती २.४ पट होती. त्याआधी १९८४मध्ये सिअ‍ॅटलच्या पुरुषांवर झालेल्या अभ्यासात आणखी एक गोष्ट पुढे आली होती. नियमित जोरकस व्यायाम करणाऱ्यांनाही व्यायामाच्या वेळेपुरता हृदय बंद पडण्याचा धोका वाढतो. पण दिवसाचे चोवीस तास धरले तर त्यांचा एकूण धोका बैठ्या माणसांच्या ४० टक्केच निघाला. आता चित्रफितीचा अर्थ काय लावायचा? एका तासाची भीती बाळगून उरलेल्या तेवीस तासांचं संरक्षण सोडून द्यायचं? हे आकडे व्यायामाविरुद्ध काही सांगत नाहीत. सांगतात ते 'कधी नाही ते एकदम' करण्याविरुद्ध.

आणि कधी नाही ते एकदम करण्यात आपण नाशिककर तरबेज आहोत. तिसऱ्या श्रावणी सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीला जी गर्दी लोटते, तिच्यात खेड्यापाड्यांतून चालत आलेली काटक माणसं असतात, आणि वर्षभर पार्किंगपासून लिफ्टपर्यंतच चालणारे आपणही असतो. सुमारे वीस किलोमीटर, रात्रीचं, पावसात, चिखलातून. श्रद्धा मोठी आहे, तिच्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण गुडघ्याला आणि हृदयाला पंचांग कळत नाही. हिवाळ्यातल्या मॅरेथॉनचंही तेच. फलक लागले की नाव नोंदवायचं, पंधरा दिवस धापा टाकायच्या, धावून झालं की पदकाचा फोटो टाकायचा आणि पुढच्या वर्षीपर्यंत बूट माळ्यावर. या माणसाला काही झालं की लोक म्हणणार, 'धावून मेला.' तो धावत नव्हता ते अकरा महिने कोणी हिशेबात धरत नाही.

यात आपल्या आदर्शांचाही थोडा वाटा आहे. सावरपाड्याची कविता राऊत २०१०च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक घेऊन आली, चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ २०१६च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये नौका वल्हवून आला, आणि डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५मध्ये अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतचं, सुमारे ४,८०० किलोमीटरचं अंतर सायकलवर नऊ दिवसांच्या आत कापलं. छाती फुलावी अशाच या गोष्टी आहेत, आणि त्यांनी शहरात सायकलींची हवा निर्माण केली हे नाकारता येणार नाही. पण त्या हवेत विकत घेतलेल्या किती सायकलींवर आज बाल्कनीत टॉवेल वाळत आहेत, ते कोणत्याही अपार्टमेंटमध्ये मान वर करून पाहावं. पराक्रमी माणसाकडे पाहून सामान्य माणूस एकतर भारावतो किंवा 'हे आपलं काम नव्हे' म्हणून बसून राहतो. भारावणं महिनाभर टिकतं. बसणं जन्मभर.

ही सवय जुनी आहे. नाशिकजवळच्या टाकळीला समर्थ रामदास बारा वर्षं राहिले आणि रोज बाराशे सूर्यनमस्कार घालत, असं परंपरा सांगते. हा आकडा ऐकून आजवर किती जणांनी बारा घातले असतील? टिळकांनी कॉलेजचं पहिलं वर्ष शरीर कमावण्यात घालवलं, हे प्रत्येक मराठी शाळेत सांगितलं जातं. त्या शाळेचा व्यायामाचा तास मात्र गणिताला दिला जातो. पारतंत्र्याच्या काळात तालीम हे राष्ट्रकार्य होतं, म्हणून व्यायामाला पराक्रमाचा पोशाख चढला, आणि त्या काळाला तो शोभलाही. मला त्या काळातला दुसरा एक धडा अधिक मोलाचा वाटतो. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कार तपस्व्यांपुरते ठेवले नाहीत, ते आपल्या संस्थानातल्या शाळांमध्ये मुलांच्या दिनक्रमात आणले. एकाने बाराशे घालण्यापेक्षा शेकडो मुलांनी रोज थोडे घालावेत, हा विचार आखाड्याच्या नव्हे, सार्वजनिक आरोग्याच्या वाटेने जाणारा होता.

आता आजोबांकडे वळू. 'त्यांनी कधी व्यायाम केला नाही' हे वाक्य खरं आहे आणि तरी फसवं आहे. ते विहिरीचं पाणी शेंदत होते, बाजारहाटाला चालत जात होते, मांडी घालून जेवत आणि हाताला टेकू न घेता उठत होते. व्यायाम त्यांच्या आयुष्यात विरघळलेला होता, म्हणून वेगळा दिसत नव्हता. लंडनमध्ये जेरेमी मॉरिस या डॉक्टरांनी नेमकी हीच गोष्ट मोजली. दुमजली बसचे ड्रायव्हर आणि कंडक्टर, दोघांचा गणवेश एकच, वस्ती एकाच थरातली. ड्रायव्हर दिवसभर बसून, कंडक्टर दिवसभर जिने चढउतर करून तिकिटं फाडणार. १९५३मध्ये मॉरिसनी दाखवून दिलं की कंडक्टरांना हृदयविकार कमी होतो, आणि झाला तरी उशिरा व सौम्य होतो. तेव्हा आजोबांचा दाखला देणाऱ्याने स्वतःला एवढंच विचारावं: आपण या बसमधले कोण? शिवाय नव्वदी गाठलेले आजोबाच दाखल्याला येतात. त्यांचे पन्नाशीत गेलेले भाऊ वादात भाग घ्यायला उरलेले नसतात.

याच मुद्द्याची दुसरी बाजू मला जास्त अवघड वाटते. कष्टकरी माणूस म्हणतो, 'आम्ही दिवसभर राबतो, आम्हाला कसला व्यायाम? हे पोट भरलेल्यांचे चोचले.' दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत दिवसभर मान वर करून विरळणी करणाऱ्या बाईला, किंवा अंबड-सातपूरला मशीनपुढे पाळीभर उभं राहणाऱ्या कामगाराला 'रोज अर्धा तास चाला' असं सांगणं मला लाज वाटण्यासारखं वाटतं. तरीही कामाचे कष्ट म्हणजे व्यायाम, हे समीकरण पूर्ण खरं नाही. कोपनहेगनमध्ये एक लाखाहून अधिक लोकांवर झालेल्या आणि २०२१मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात फुरसतीतल्या हालचालीने मृत्यूचं प्रमाण घटलं. नोकरीतल्या जड कष्टाने ते वाढलेलं दिसलं. कारणांवर अजून वाद आहे, पण तर्क समजण्यासारखा आहे. व्यायामात हृदयाचे ठोके वाढतात आणि मग विसावा मिळतो. कामात तासन्‌तास तोच स्नायू, तीच वाकलेली कंबर, आणि थांबायचं कधी हे मुकादम ठरवणार. मग मॉरिसचा कंडक्टर? तो एका जागी खिळलेला नव्हता, त्याचं काम चालतं-फिरतं होतं. म्हणून राबणाऱ्या माणसाला आधी विश्रांती द्यायला हवी, कामात मध्ये थांबायची मुभा द्यायला हवी, आणि मग जमलं तर आखडलेली पाठ मोकळी करायला शिकवायला हवं. व्यायामाचा उपदेश सगळ्यांना एकाच मापाने वाटणं हाही वाद बिघडण्याचाच एक प्रकार आहे.

बैठ्या माणसाची तक्रार वेगळी असते: 'संध्याकाळी अंगात त्राणच उरत नाही, व्यायाम कुठून करणार?' हा थकवा खोटा नाही, त्यावर केलेला उपाय मात्र उलटा आहे. १९६६मध्ये अमेरिकेत डॅलसला विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणाला खिळवून ठेवण्यात आलं. त्यांची दम टिकवण्याची क्षमता धडाधड खाली आली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासलं तेव्हा दिसलं, की तीस वर्षांच्या वयाने त्यांचं जितकं नुकसान केलं नव्हतं, तितकं त्या तीन आठवड्यांच्या झोपण्याने केलं होतं. मग पन्नाशीतल्या या माणसांकडून सहा महिने बेताबेताने चालणं, धावणं, सायकल असा सराव करून घेतला, आणि वयाने नेलेली दमाची क्षमता परत आली. पडून राहिलं की ताकद साठते, हा समज इथे मोडतो. शरीर वापरलं तर हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायला शिकतं आणि पेशींतल्या ऊर्जा तयार करणाऱ्या तंतुकणिका वाढतात. मग तोच जिना, तीच भाजीची पिशवी हलकी वाटू लागते. ज्याला आपण कामाचा थकवा म्हणतो, त्यातला बराचसा न हलल्याचा थकवा असतो.

साखरेचंही असंच. काम करणारा स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न पाहता रक्तातली साखर ओढून घेतो. जेवणानंतरची शतपावली त्यामुळेच खरी उपयोगाची. आयसीएमआरच्याच २०२३च्या पाहणीनुसार देशात मधुमेहाचे १०.१ कोटी रुग्ण आहेत आणि १३.६ कोटी माणसं त्याच्या उंबरठ्यावर आहेत. या उंबरठ्यावरच्यांचं काय करता येतं ते चेन्नईच्या डॉक्टरांनी २००६मध्ये दाखवलं: आहार आणि चालणं यांत सुधारणा करणाऱ्यांत मधुमेह होण्याचं प्रमाण सुमारे २८ टक्क्यांनी घटलं, आणि मेटफॉर्मिन या मधुमेहावरच्या गोळीने साधलेला परिणामही जवळपास तेवढाच होता. यात एकट्या व्यायामाचा वाटा किती, हे वेगळं काढता येत नाही. पण तुलना गोळीशी होती आणि चालणं-खाणं तिच्यापुढे मागे पडलं नाही, हे थोडं नाही.

राहिला दीर्घायुष्याचा प्रश्न. इथे सर्वांत चांगला आक्षेप असा: जी माणसं मुळात निरोगी असतात तीच जास्त चालतात, मग चालण्याने आयुष्य वाढलं असं कशावरून? आक्षेप रास्त आहे, आणि नुसत्या पाहण्यांवर विसंबून कोणी शंभरी गाठून देण्याचं वचन देत असेल तर त्याच्यापासून चार हात लांब राहावं. पण डॅलसमध्ये आणि चेन्नईत कोणाला काय करायला लावायचं हे संशोधकांनी ठरवलं होतं, माणसांच्या आवडीवर सोडलं नव्हतं. त्यामुळे आक्षेपाची धार तिथे बोथट होते. आणि पाहण्यांतही लाभाची चढण कशी आहे ते बघण्यासारखं आहे. साडेसहा लाख लोकांच्या माहितीवरून २०१२मध्ये काढलेला हिशेब असा: काहीच न करणाऱ्याच्या तुलनेत आठवड्याला ७५ मिनिटांपर्यंत झपाझप चालणाऱ्याला सुमारे १.८ वर्षं जास्त मिळतात, १५० मिनिटांच्या पुढे गेलेल्याला ३.४, आणि ४५० मिनिटांच्या पलीकडे जाणाऱ्याला ४.५. म्हणजे सर्वांत मोठा नफा पहिल्या, सगळ्यात सोप्या पायरीवर आहे. दहा हजार पावलांचं तेच. तो आकडा १९६०च्या दशकातल्या एका जपानी यंत्राच्या जाहिरातीतून आलेला आहे. सरासरी ७२ वर्षांच्या अमेरिकन स्त्रियांवरच्या २०१९च्या अभ्यासात ४,४०० पावलं चालणाऱ्यांचं मृत्यूचं प्रमाण २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४१ टक्के कमी होतं, आणि साडेसात हजारांनंतर आलेख सपाट झाला. घड्याळ दहा हजारांसाठी टुणटुण करत राहतं, म्हणून रात्री अकराला हॉलमध्ये येरझारा घालणारे काका मला माहीत आहेत. काका, झोपा आता.

मग एवढं सोपं असताना लोक करत का नाहीत? इथे घड्याळवाल्यांचं उत्तर तयार असतं: आळस. २०२४मध्ये लॅन्सेट ग्लोबल हेल्थमध्ये आलेल्या अंदाजानुसार भारतातली ४९.४ टक्के प्रौढ माणसं पुरेशी हालचाल करत नाहीत. पुरुषांत हे प्रमाण ४२ टक्के, स्त्रियांत ५७. आळसच कारण असेल तर बायका पुरुषांहून इतक्या जास्त आळशी आहेत, असं म्हणण्याची हिंमत कोणात आहे? पहाटे सहाला कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर पुरुष मंडळी फेऱ्या मारत असतात तेव्हा त्यांच्या घरी डबे भरले जात असतात. संध्याकाळी बाईला तास मिळाला तर रस्ता मिळत नाही: दिवे गेलेले, पदपथावर गाड्या, उरलेल्या जागेत खोदकामाची माती. कॉलेज रोडवर वीस मिनिटं सलग चालून बघा, रस्त्यावर किती वेळा उतरावं लागतं ते. साठीच्या माणसाला डॉक्टर चालायला सांगतात आणि शहर त्याला पडायला लावतं. आपल्याकडची हवा चांगली, पूर्वी लोक देवळालीला हवापालटाला येत, ही फुशारकी आपण अजून मारतो. नुसत्या हवेने पाय चालत नाहीत.

नारूची आठवण असलेली पिढी अजून आहे. पायऱ्यांच्या विहिरीत उतरलेल्या रोग्याच्या जखमेतून अळ्या पाण्यात जायच्या, तेच पाणी गाव प्यायचं, आणि वर्षभराने दुसऱ्याच्या पायातून हातभर किडा निघायचा. लोकांना पाणी गाळून प्यायला शिकवलं, हे खरं, आणि ते गरजेचंही होतं. पण जोडीला पायऱ्या बंद करून विहिरी कठड्याच्या केल्या, हातपंप बसवले. १९९६मध्ये देशात शेवटचा रुग्ण सापडला आणि २०००मध्ये भारत नारूमुक्त जाहीर झाला. 'तुम्ही अस्वच्छ म्हणून तुम्हाला नारू' एवढंच गावाला सुनावत बसलो असतो तर? आज व्यायामाबद्दल आपण बहुतेक तेवढंच करतो. गाळण्याच्या फडक्याचा उपदेश भरपूर चालतो, विहिरीला कोणी हात लावत नाही.

'ज्याचं त्याने बघावं, सरकारने आम्हाला पळवू नये,' असंही काही जण म्हणतील. कबूल. कोणाला पळवायचंच नाही. ज्याला बसायचं आहे त्याला बसू द्या. पण ज्याला चालायचं आहे त्याला जीव मुठीत धरून चालावं लागू नये, ही मागणी स्वातंत्र्याच्या आड येते कुठे? सिंहस्थाच्या निमित्ताने शहरातले रस्ते उकरले जात आहेत, रुंद होत आहेत. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे पदपथावर चालायला किमान १.८ मीटर मोकळी जागा हवी, म्हणजे दोन माणसं शेजारून जातील एवढी, मध्ये खांब, विजेची डीपी किंवा पाणीपुरीची गाडी न येता. आपल्या वॉर्डातला नवा रस्ता होईल तेव्हा फीत घेऊन ती जागा मोजावी. शाळेची मैदानं शाळा सुटल्यावर वस्तीतल्या बायका-मुलांना उघडी करावीत, बागेतले दिवे रात्री नऊपर्यंत चालू राहावेत, आणि घरात सकाळच्या डब्यांचं काम आठवड्यातून निदान तीन दिवस दुसऱ्या कोणीतरी उचलावं. या शेवटच्या कामाला तर निधीही लागत नाही, निविदाही काढावी लागत नाही.